गिगाहर्ट्झ छापता, मग कॅशही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला संगणक-खरेदीवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, भाषा सोपी आहे, एसएसडी आणि रॅमबद्दल जे सांगितलंय ते बिनचूक आहे. माझी तक्रार तक्त्याबद्दल आहे. कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती, गिगाहर्ट्झ किती, रॅम किती, स्क्रीन केवढी, असे रकाने त्यात आहेत; कॅश मेमरीचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण चपळ मेमरीचा, पत्ताच नाही. आणि खालच्या चौकटीतला सल्ला असा, की दोन प्रोसेसरमध्ये अडलात तर जास्त गिगाहर्ट्झवाला घ्या. मी अभियांत्रिकीच्या मुलांना कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवते. नव्या वर्गाच्या डोक्यातून नेमकी हीच समजूत काढण्यात माझे सुरुवातीचे तास खर्ची पडतात. ती आपण छापून पुन्हा पक्की केलीत, म्हणून हे पत्र.

वर्गात मी यावर व्याख्यान देत नाही, प्रोग्रॅम चालवायला लावते. सी भाषेत दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचा आकड्यांचा चौकोन घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे एकूण ४० कोटी बाइटचा ऐवज. आधी ओळीओळीने बेरीज करायची, मग तीच स्तंभास्तंभाने. उत्तर तेच, बेरजा तितक्याच, प्रोसेसर तोच, गिगाहर्ट्झही तेच. तरी दुसऱ्या खेपेला यंत्र कितीतरी पट जास्त वेळ घेतं. मुलं आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतात, मग कंपायलरवर, मग शेजारच्यावर.

गोम अशी आहे की रॅममधून सुटा आकडा कधीच येत नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटचा गठ्ठा येतो आणि कॅशमध्ये ठेवला जातो. सी भाषेत एका ओळीतले आकडे रॅममध्ये लागोपाठ बसतात. ओळीने गेलं की एका गठ्ठ्यातले सोळाही आकडे कामी येतात. स्तंभाने गेलं की प्रत्येक आकड्याला ४०,००० बाइटांची उडी, म्हणजे दर वेळी नवा गठ्ठा, त्यातला एक आकडा वापरायचा आणि पंधरा तसेच ठेवून पुढे जायचं. पुढच्या स्तंभासाठी तोच गठ्ठा परत लागतो, पण तोवर मध्ये दहा हजार गठ्ठे येऊन गेलेले असतात. दहा हजार गुणिले ६४, म्हणजे ६ लाख ४० हजार बाइट. प्रोसेसरच्या अगदी अंगाला चिकटलेली पहिल्या पातळीची कॅश साधारण ३२ ते ४८ किलोबाइट असते. तिच्यात हे मावणं शक्यच नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांत दुसऱ्या पातळीची कॅश दर कोअरला २५६ किलोबाइट आहे, तिच्यातही मावत नाही. नव्या यंत्रांत ती सव्वा मेगाबाइट आहे, तिच्यात मावतं. दोन्हीकडे प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवला की दोन बेरजांमधली तफावत नव्या यंत्रांवर ठळकपणे कमी दिसते. मग चौकोन शंभर बाय शंभरचा करायला सांगते. सगळा ऐवज ४० हजार बाइटवर आला, की ओळीने जा नाहीतर स्तंभाने, फरक जवळजवळ उरत नाही.

कारण आकडेमोडीत आहे. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो आकडा. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. पहिल्या पातळीच्या कॅशमधून आकडा चार-पाच ठोक्यांत मिळतो, दुसरीतून पंधराच्या आसपास, तिसरीतून चाळीस-पन्नासात. आणि रॅमपर्यंत जावं लागलं तर ८० नॅनोसेकंद धरा, म्हणजे ३२० ठोके. आता प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झचा घ्या. रॅम तिथेच, तिचे ८० नॅनोसेकंदही तेच. फक्त आता वाट बघण्यात ४०० ठोके जातात. कारकून कितीही झपाझप लिहिणारा असू दे, दर ओळीला फायलीसाठी तळघरात माणूस धाडावा लागत असेल तर त्याच्या हाताचा वेग काय कामाचा? टेबल मोठं दिलं तर खेपा कमी होतील. कॅश म्हणजे ते टेबल.

मग टेबल वाटेल तेवढं मोठं का करत नाहीत? कॅशमधला एकेक बिट साठवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. म्हणजे कॅश जागा खाते. शिवाय ती जेवढी मोठी तेवढी लांब पसरते आणि तिच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. घड्याळ जितकं जलद, तितका हा वेळ ठोक्यांच्या हिशेबात डोईजड होतो. ॲपलच्या २०२० च्या एम१ प्रोसेसरचं उदाहरण मला यासाठी आवडतं. त्याच्या जलद कोअरना पहिल्या पातळीवर सूचनांसाठी १९२ आणि माहितीसाठी १२८ किलोबाइट कॅश आहे; त्या काळच्या इतर प्रोसेसरांकडे प्रत्येकी ३२-४८ होती. आणि घड्याळ ३.२ गिगाहर्ट्झचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरंच हळू. एका ठोक्यात जास्त अवकाश मिळतो म्हणून एवढी मोठी कॅश तितक्याच जवळ ठेवणं परवडतं. आपल्या तक्त्यात तो 'कमी वेगाचा' ठरला असता.

उद्योगालाही हे शहाणपण एकदम आलेलं नाही. १९९८ साली इंटेलने पहिला सेलेरॉन काढला तेव्हा त्यातून दुसऱ्या पातळीची कॅश सरळ काढून टाकली होती. २६६ मेगाहर्ट्झ कागदावर छान दिसत होते. रोजच्या कामात तो रखडायचा आणि परीक्षकांनी त्याचे वाभाडे काढले. त्याच वर्षी सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. त्या वेळच्या पेंटियम टूकडे तिच्या चौपट, ५१२ किलोबाइट होती, मात्र ती चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. छोटा भाऊ अनेक कामांत मोठ्याच्या बरोबरीने चालला. तेव्हा 'कॅश जास्त तेवढी चांगली' म्हणणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं. ती किती जवळ आहे आणि किती चपळ आहे, हेही बघायचं असतं.

पुढे २००० च्या नोव्हेंबरात पेंटियम फोर १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर आला. माहितीसाठी पहिल्या पातळीची कॅश ८ किलोबाइट, आधीच्या पेंटियम थ्रीच्या निम्मी. आणि आतली पाइपलाइन, म्हणजे एकेक सूचना ज्या टप्प्यांतून पुढे सरकते ती साखळी, वीस टप्प्यांची, कारण सगळा जोर घड्याळावर. १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री काही चाचण्यांत त्याच्या पुढे गेला. २००४ मध्ये प्रेस्कॉट नावाची आवृत्ती आली, पाइपलाइन एकतीस टप्प्यांवर गेली, उष्णता हाताबाहेर गेली, घड्याळ ३.८ वर अडलं आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला. दोन वर्षांनी आलेल्या २.४ गिगाहर्ट्झ आणि ४ मेगाबाइट कॅशच्या कोअर टू ड्युओ ई६६०० ने त्या ३.८ वाल्याला आरामात मागे टाकलं. याचं सगळं श्रेय कॅशला देणं चूक होईल. दोन कोअर होते, आणि एका ठोक्यात जास्त काम उरकणारी रचना होती. पण गिगाहर्ट्झला तर त्यात अजिबातच वाटा नव्हता.

हा जुना इतिहास झाला म्हणाल. अलीकडचा दाखला द्यायचा तर एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या एका जोडीइतका स्वच्छ दुसरा नाही. रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ च्या एप्रिलमधला ५८००एक्स३डी: दोघांचे कोअर आठ, रचना तीच. पहिल्याची तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात मूळ चिपच्या डोक्यावर ६४ मेगाबाइटचा आणखी एक थर रचला, एकूण ९६. पण त्या थराखाली उष्णता अडकते म्हणून वेग ४.५ वर आणला. म्हणजे कॅश तिप्पट आणि घड्याळ थोडं हळू. निकाल? पुष्कळ व्हिडिओ गेममध्ये दुसरा स्पष्टपणे पुढे. शेकडो वस्तूंची स्थिती प्रत्येक चित्रचौकटीला पुन्हा पुन्हा चाळावी लागते, आणि तो पसारा ३२ मध्ये मावत नव्हता तो ९६ मध्ये बऱ्यापैकी मावला. त्रिमितीय चित्रांचं रेंडरिंग, फायली आवळणं अशा बऱ्याच कामांत मात्र पहिला थोडा पुढे, कारण तिथे एका वेळी लागणारा ऐवज छोटा असतो आणि मग घड्याळच बोलतं. पुढे २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये तो थर डोक्यावरून काढून खाली नेला, उष्णतेची वाट मोकळी झाली आणि कमाल वेग ५.२ पर्यंत गेला.

घरातला गेमर मुलगा यावरून 'एक्स३डीच हवा' म्हणून हटून बसला, तर पालकांनी एक प्रश्न विचारावा: खेळणार कोणत्या स्क्रीनवर? ४के म्हणजे फार बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर खेळलं की बहुतेक वेळा अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी, आणि प्रोसेसरमधला हा फरक बराचसा विरून जातो.

म्हणून 'कॅश की क्लॉक' याचं सरसकट उत्तर कुणी देत असेल तर त्याला आधी विचारा, काम कोणतं? कामाचा जो ऐवज वारंवार हाताळला जातो तो केवढा, यावर सगळं ठरतं. लहान कॅशमध्येच मावत असेल तर मोठी घेऊन उपयोग नाही, घड्याळाचे पैसे द्या. लहान कॅशमध्ये मावत नाही पण मोठीत मावतो, असा असेल तर मोठी कॅश घड्याळाला सहज हरवते. आणि दोन्हीत मावण्यापलीकडचा असेल, एकदा वाचून पुढे जाण्याचा, तर मोठी कॅश आणि जलद घड्याळ दोन्ही निरुपयोगी. तिथे रॅम किती वेगाने माल पुरवते ते महत्त्वाचं. कित्येक लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीवर विकले जातात. जागा असेल तर जोडीची दुसरी पट्टी बसवणं हे अशा कामात वरच्या प्रोसेसरपेक्षा जास्त फळ देतं. डेटाबेसचं काम यांच्या मधलं आहे: सगळा डेटा कुठल्याच कॅशमध्ये मावत नाही, पण अनुक्रमणिकेचे वरचे थर प्रत्येक शोधाला लागतात आणि ते मावतात. पत्रं लिहिणं, मेल बघणं, व्हिडिओ पाहणं यासाठी कोणताही आजचा प्रोसेसर पुरे. त्या ग्राहकाला या वादात ओढूच नये.

जाहिरातीतल्या दोन आकड्यांचा स्वभावही वेगळा असतो, आणि आपल्या लेखात हे यायलाच हवं होतं. '५ गिगाहर्ट्झपर्यंत' यातला 'पर्यंत' फार मोठा. तो वेग बहुधा एका-दोन कोअरपुरता, आणि तोही प्रोसेसर थंड असेतोवर. पातळ लॅपटॉपवर जड काम लावलं की काही वेळातच घड्याळ पुष्कळ खाली येतं. लागणारी वीज घड्याळाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचे चार-दोनशे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज चढवावंच लागतं. म्हणून तो टोकाचा वेग फार वेळ पेलवत नाही. कॅश गरम झाली म्हणून ९६ ची ६० होत नाही.

अर्थात कॅशच्या आकड्यातही चलाखी चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीची बेरीज करून एकच मोठा आकडा सांगतात. ७८००एक्स३डीची '१०४ मेगाबाइट' म्हणजे ९६ अधिक ८. दोन चिपलेट, म्हणजे छोट्या चिपा, जोडलेल्या प्रोसेसरमध्ये तिसऱ्या पातळीचीही वाटणी झालेली असते. रायझन ९ ७९५०एक्सची ६४ मेगाबाइट म्हणजे ३२ आणि ३२. एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालणारं काम आपल्या बाजूची ३२ च स्वतःसाठी वापरतं, पलीकडच्या ३२ चा त्याला फायदा नाही.

आपल्या तक्त्यासारख्या तक्त्याने ग्राहक कसा चकतो, याचा नमुना म्हणून रायझन ५ ची दोन भावंडं बघा. ५६००: मूळ वेग ३.५, कमाल ४.४. ५६००जी: मूळ ३.९, कमाल तोच ४.४. दोन्हीकडे सहा कोअर. गिगाहर्ट्झवर निवडलं तर जी सरस. पण जीमध्ये तिसऱ्या पातळीची कॅश १६ मेगाबाइट आहे आणि साध्या ५६०० मध्ये ३२. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून खेळायचं असेल तर साधा ५६०० पुढे जातो. उलट कार्ड घ्यायचंच नसेल तर जीच घ्यावा लागेल, कारण ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्सच नाहीत, स्क्रीनवर काही उमटणारच नाही! इतकी साधी गोष्ट, पण तक्त्यातून कळत नाही. म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी कमाल वेगाच्या शेजारी मूळ वेग, दर कोअरमागे दुसऱ्या पातळीची कॅश आणि तिसऱ्या पातळीची एकूण कॅश असे तीन रकाने वाढवावेत, आणि वेगांची तुलना एकाच पिढीतल्या, एकाच रचनेच्या प्रोसेसरांपुरती ठेवावी. इंटेलचे ४ आणि ॲपलचे ४ गिगाहर्ट्झ शेजारी छापण्याला काही अर्थ नाही.

तोवर ज्या वाचकांना खरंच निवड करायची आहे त्यांना घरच्या यंत्रावर करता येईल अशी एक चाचणी सांगते. माझे विद्यार्थीही तीच करतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंगात प्रोसेसरची कमाल पातळी टक्क्यांत ठरवता येते. आपलं रोजचं जड काम, म्हणजे मोठी एक्सेल शीट, व्हिडिओ, सिम्युलेशन, जे असेल ते, आधी १०० टक्क्यांवर चालवून वेळ नोंदवा, मग ही पातळी उतरवून तेच काम पुन्हा चालवा. नुसती ९९ केली तरी बऱ्याच यंत्रांवर बूस्ट, म्हणजे मूळ वेगाच्या वरचा वाढीव वेग, बंद पडतो. टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. काम चालू असताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रत्यक्ष गिगाहर्ट्झ दिसतात, ते लिहून घ्या. कॅशच्या तिन्ही पातळ्यांचे आकडेही त्याच पानावर आहेत.

वेग पाव हिश्शाने घटला आणि कामाचा वेळ एक-तृतीयांशाने वाढला, तर आपलं काम घड्याळावर चालतं. जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर खुशाल घ्या. वेळ जेमतेम वाढला तर अडचण दुसरीकडे आहे. तेव्हा त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बघा. ती शंभर टक्क्यांवर असेल तर वेगवान एसएसडी बसवा, रॅम भरलेली असेल तर रॅम वाढवा. दोन्ही निवांत असूनही काम रेंगाळत असेल, तर तो प्रोसेसर बहुतेक रॅमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला आहे. मोठ्या कॅशला पैसे टाकण्याचा विचार करावा तो अशा वेळी, आणि शक्य तर तेच काम मोठ्या कॅशच्या यंत्रावर एकदा चालवून बघून. काही नव्या लॅपटॉपांवर ही टक्क्यांची सोय लपवलेली असते. तिथे बॅटरी वाचवण्याचा मोड लावून तीच तुलना करता येते, फक्त टास्क मॅनेजरमधले गिगाहर्ट्झ खरोखर उतरले आहेत ना, हे आधी बघून घ्यावं.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कॉम्प्युटर आर्किटेक्चरची एक प्राध्यापिका